प्रोस्टेटमधला पू: सुईने काढावा की दुर्बिणीतून?

मामांना मधुमेह. थंडीताप आला, लघवी अडली, तेव्हा तासगावहून मिरजेला नेलं. गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, पूची पोकळी दिसली. १ सेंमीपेक्षा लहान गळू कधी नुसत्या अँटिबायोटिकनेही बसतं. हे मोठं होतं.

सोनोग्राफीत बघत सुईने पू ओढायचा तर जागा बधिर करून भागतं, पू कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) जातो, नेमकं औषध ठरतं. पुन्हा साचला तर पुन्हा सुई. दुर्बिणीने मूत्रमार्गातून गळू उघडलं की निचरा बहुधा एकदाच होतो. पण कमरेत भूल लागते, आणि नंतर वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. तरुणांना हे आधी सांगायलाच हवं, संकोच न करता! माझं मत आधी सुईच. गळवात कप्पे अनेक असतील तर दुर्बीण. अँटिबायोटिक दोन्हीकडे काही आठवडे, आणि मामांची साखर रोज तपासायची.