नौपाड्यातला 'फक्त हात' शिकवणारा चित्रकला क्लास: आकार एक नंबर, शेडिंगचं मात्र बॅच बघून ठरवा

ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मुलांचा चित्रकलेचा क्लास आहे, त्यात ते सुट्टीत एक वेगळी बॅच घेतात, फक्त हात काढायला शिकवायची. हो, फक्त हात. मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग पायांची फी वेगळी का?" पण ज्यांची पोरं चित्रं काढतात त्यांना विचारा, कुठल्याही चित्रातली माणसं बघा, सगळ्यांचे हात एकतर खिशात, नाहीतर पाठीमागे, नाहीतर फुलांच्या झाडाआड. आमच्या लेकाच्या चित्रात तर क्रिकेटची अख्खी टीम हात मागे बांधून उभी असायची, बॅट कोण धरणार देव जाणे. त्याला दहावं लागलंय, पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसायचं म्हणतोय, आणि त्या परीक्षांत स्मरणचित्राला भाजी मार्केट नाहीतर बसस्टॉप असलं काही आलं की माणसं आली आणि माणसं आली की हात आलेच. म्हणून घातला.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच खूप चांगलं आहे. सर पहिल्या दिवशी पेन्सिल हातात घेऊच देत नाहीत. टेबलावर काड्यापेटी, म्हणजे तळहात, आणि तिच्यापुढे पेन्सिलीचे तुकडे मांडायचे, चार बोटांना प्रत्येकी तीन आणि अंगठ्याला दोन, तो अंगठा पुढून नाही तर बाजूने खाली मनगटाच्या जवळून निघतो हे पोरांना तिथेच कळतं. आपण सगळे लहानपणी पाचही बोटं एका रांगेत काढायचो ना, निवडणुकीतल्या पंजासारखी, ते त्या एका तासात सुटलं. चार बोटांची नखं वर बघत असली तर अंगठ्याचं नख बाजूला बघतं, हेही त्यांनी सगळ्यांना हात टेबलावर ठेवून बघायला लावलं. मी दारात बसून माझा हात बघत होते, चाळिशी आली पण कधी लक्षात आलं नव्हतं.

मग तळहाताचा चपटा खोका, बोटांची नळकांडी, सांध्यांवर गोल. एवढंच. सर हाडं वगैरे फार सांगत बसत नाहीत, मनगट धरून एका हातात 27 हाडं असतात आणि त्यातली 14 बोटांत, एवढं एकदा सांगितलं आणि "ती पाठ नाही करायची, बोट कुठे वाकतं तेवढं बघायचं" म्हणून पुढे गेले. त्यांचा एक मुद्दा मला फार आवडला, बोटं मागच्या बाजूने लांब दिसतात आणि तळहाताच्या बाजूने आखूड. कारण मागून बोट सांध्याच्या उंचवट्यापासून सुरू झालेलं दिसतं आणि पुढून बोटांमधली कातडी वरपर्यंत आलेली असते. मागून बघितलं तर मधलं बोट आणि उरलेली पाठ मनगटापर्यंत जवळपास सारखी भरते. हे एकदा मोजून घेतलं की पोरं आपोआप प्रमाणात काढतात, सारखं "बोटं मोठी कर, बोटं मोठी कर" ओरडावं लागत नाही.

आणि हावभावांचे विषय काय घेतात माहितीये का, कट्टी, ठेंगा, चिमूट, ओंजळ, चुटकी, मूठ, बाप्पाचा आशीर्वादाचा हात. पोरं हसत हसत एकमेकांना ठेंगे दाखवतात आणि तेच काढतात. पण त्यात क्रम आहे हां, उगाच मजा नाही. मूठ आधी, कारण तो नुसता खोका आहे, वर बोटांच्या दोन पायऱ्या. मग ठेंगा, म्हणजे त्याच खोक्यावर उभा अंगठा. कट्टीला एक करंगळी सुटते. चिमटीत पहिलं बोट आणि अंगठा वाकून समोरासमोर येतात, तिथे नळकांड्यांचा कोन बघावा लागतो. ओंजळ सगळ्यात शेवटी, दोन हात एकमेकांवर आणि मध्ये पोकळी. एक मुलगी भरतनाट्यम शिकते, तिने पताका, मुष्टी, शिखर या नाचातल्या हाताच्या मुद्रा करून दाखवल्या तर सरांनी त्या दिवशीचा प्लॅन बाजूला ठेवून तिलाच मॉडेल म्हणून पुढे उभं केलं, अशी माणसं मला आवडतात.

सगळ्यात अवघड म्हणजे आपल्याकडे रोखलेलं बोट. लांबीच दिसत नाही त्याची. त्यावर सरांचं उत्तर, लांबी काढूच नका, एकामागे एक लपलेले गोल काढा, टोकाचा पूर्ण, मागचे थोडे थोडे डोकावणारे, मग बाहेरून रेघ फिरवा. लेकाने घरी येऊन आजोबांचं रोखलेलं बोट काढलं, आजोबा त्याला ओरडत होते तेव्हाच. बोट हुबेहूब आलं, आजोबा ओरडायचे थांबले.

आता शेडिंग. इथे माझी तक्रार आहे आणि ती सरांच्या शिकवण्याबद्दल नाही, जागेबद्दल आहे. शिकवतात बरोबरच, आधी तीनच छटा, उजेडाकडची बाजू कोरी ठेवायची, बाजूचा भाग मध्यम आणि उजेडाच्या उलटी बाजू गडद, खोका नीट काढला असेल तर कुठली बाजू कुठल्या छटेची हे आपोआप ठरतं. पडछाया वेगळी काढायची, बोट जिथे टेबलाला टेकतं तिथे सगळ्यात काळी आणि लांब गेली की फिकी. रेघा नळकांड्याच्या गोलाईवरून वळवून मारायच्या, सरळ मारल्या की बोट चपटं होतं. आणि बोटाने घासून काळं पसरवायचं नाही हा कडक नियम, कारण हाताचं तेल कागदाला लागतं आणि डाग पडतात, मग खोडरबरने पण जात नाहीत. सगळं पटलं.

पण संध्याकाळच्या बॅचला खोलीत चार ट्यूबलाईट चालू आणि टेबललॅम्प एकच, तोही सरांच्या टेबलावर. पुढच्या रांगेतल्या पोरांना सरांच्या हातावर मस्त सावली दिसते, आणि मागची पोरं आपापला डावा हात बघून काढतात, त्यांच्या हातावर चारी बाजूंनी उजेड, म्हणजे सावली धड कुठेच नाही, टेबलावर दोन-दोन तीन-तीन फिक्या पडछाया. दहा वर्षांच्या पोराने काय काढायचं त्यात? मग ती पोरं फळ्यावर सरांनी केलेलं शेडिंग कॉपी करतात, स्वतःचा हात बघतच नाहीत, म्हणजे आठवडाभर जे डोळ्यांना शिकवलं ते इथे वाया. मी सरांना विचारलं की ट्यूब बंद करून खिडकीकडच्या बाजूला दोन लॅम्प लावले तर? ते म्हणाले, "ताई, अंधार केला की पोरं दंगा करतात." तेही खरं असेल, पण मग लॅम्प तरी वाढवा ना.

सकाळच्या बॅचचं चित्र एकदम उलटं आहे. मैत्रिणीची मुलगी तिथे जाते. खोलीला पूर्वेला मोठी खिडकी आहे, ट्यूब लावायची गरजच नाही, सगळ्यांच्या हातावर एकाच बाजूने उजेड. दोघांच्या वह्या शेजारी ठेवून बघितल्या, आकारात दोघं सारखेच, उलट आमच्याचं प्रमाण जरा बरं, पण तिच्या ओंजळीत खरंच पाणी ठेवता येईल इतकी खोल आली होती आणि आमच्याची ओंजळ काळी झाली होती, खोल नाही. एकच सर, एकच महिना.

बाकी किरकोळ. फी दोन हजारांच्या आसपास, ठाण्यात हल्ली त्याच्यात काय येतं, ठीक आहे. किट मात्र त्यांच्याकडूनच घ्यायचा आग्रह करतात आणि त्यात बारा पेन्सिलींचा सेट असतो, त्यातल्या एचवाल्या कडक पेन्सिली पोरांनी एकदाही वापरल्या नाहीत. एचबी, टूबी आणि सिक्सबी बास झालं, गोखले रोडला कुठल्याही स्टेशनरीत मिळतात. कागद मात्र कार्ट्रिजच घ्या, वहीच्या गुळगुळीत कागदावर सिक्सबी नुसती चमकते, छटा चढत नाही. लिफ्ट नाही, जिने उंच आहेत, आजी-आजोबा सोडायला येणार असतील तर विचार करा. बसायला बाहेर दोनच खुर्च्या. गाडी आणूच नका, त्या गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळाली तरी नशीब, आम्ही तलावपाळीपासून चालत जायचो. आणि पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज सगळ्यांच्या चित्रांचे फोटो टाकतात, त्यात काही आयांची "आमच्याने जास्त चांगलं काढलंय" टाईप चढाओढ चालते, म्यूट करून टाका.

वयाचं सांगायचं तर सात-आठ वर्षांच्या पोरांना घालू नका असं माझं मत, काड्यापेटीपर्यंत मजेत असतात पण शेडिंगला कंटाळून रडकुंडीला येतात, आमच्या बॅचमधला एक छोटू तर शेवटी अख्खा हात काळा करून "ग्लोव्ह घातलाय" म्हणाला. नऊ-दहाच्या पुढे हरकत नाही.

माझ्याकडून पाचात चार, संध्याकाळच्या बॅचला साडेतीन. सकाळची बॅच लवकर भरते, सुट्टी लागायच्या आधीच फोन करा आणि खिडकीच्या बाजूची जागा मागून घ्या. पोरगं उजव्या हाताने काढत असेल तर खिडकी डावीकडे येईल असं बसवा, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडणार नाही, डावखुरं असेल तर उलट.