लंडनमधला मोफत सायकल क्लास: मोठ्यांनी करावा का?

फुकट म्हटलं की मला आधी शंका येते. पण हा क्लास चांगला निघाला. लंडनच्या बऱ्याच काउन्सिल, म्हणजे इथल्या स्थानिक पालिका, मोठ्या माणसांना सायकल चालवायला मोफत शिकवतात. आमच्या काउन्सिलचा ऑनलाइन फॉर्म भरला, आणि शिकवणाऱ्या बाई थेट आमच्या गल्लीत आल्या. दोन तास, आणि शिकणारी मी एकटीच.

सायकल मला येत होतीच. सांगलीत शाळा, ट्यूशन, गणपतीचं देऊळ, सगळं सायकलवरच. अप्पांची शिकवण एकच: कडेकडेने चालव. बाईंनी सुरुवातीलाच ती मोडीत काढली. उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं, म्हणजे साधारण मीटरभर लांब राहायचं. आतल्याने न बघता दार उघडलं तरी आपण वाचतो. रस्ता अरुंद असला किंवा चौक जवळ आला की सरळ लेनच्या मधोमध यायचं. मागचा वैतागेल ना, असं मी विचारलं. वैतागू दे, म्हणाल्या, वैतागलाय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय! जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड, म्हणजे इथली वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका, बदलला त्यात हे मधोमध येण्याचं स्पष्ट लिहिलंय. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर जागा सोडावी, हेही त्यातच. माझा नवरा इथे कितीतरी वर्षं गाडी चालवतोय, त्याला हे माझ्याकडून कळलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला मागे बघण्यात. उजव्या खांद्यावरून मान वळवली की हँडलही उजवीकडे ओढलं जातं. बाई मागे उभ्या राहून बोटं दाखवायच्या. मी पायंडल मारत मागे बघून किती ते ओरडून सांगायचं, तेही सरळ रेषेत जात. शेजारचे आजोबा खिडकीतून हा तमाशा बघत होते. पण हे हवंच. आपल्याकडे मागचा हॉर्न वाजवून ‘मी आलोय’ सांगतो. इथे हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवी, आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा तर आवाजही फारसा येत नाही. कानावर विसंबून चालत नाही. मागे बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मग वळा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, तेवढं तरी नव्याने शिकावं लागत नाही.

सिग्नलला उभ्या लॉरीच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलं की आता बसच्या मागेही मी निमूट थांबते. डावीकडे सायकलची पट्टी रंगवलेली असली तरी. तिथली सायकल ड्रायव्हरला दिसेलच असं नाही, आणि तो डावीकडे वळला तर आपल्याला निसटायला जागा नसते.

आता तक्रारी. तारीख मिळायला फार वेळ लागला. त्यांनी आणलेली सायकल उंच दांड्याची, सीट पार खाली केली तरी माझे पाय जेमतेम टेकत होते. आणि मोठा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, फक्त कागदावर काढून दाखवला. इथल्या बाइकेबिलिटी अभ्यासक्रमाच्या तीन पातळ्या आहेत: मैदान, शांत रस्ते, वर्दळीचे रस्ते. आमची गाडी दुसरीवरच थांबली. तिसरीसाठी वेगळा फॉर्म.

हेल्मेटची इथे सक्ती नाही, मी घालते. अंधारात मात्र पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो. स्वतःची सायकल नसेल तर फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात आपली उंची लिहा; ते आपणहून विचारत नाहीत.