रेडियल, लिनियर आणि मिनिप्रोब : एंडोस्कोपीतून सोनोग्राफीची तीन यंत्रं, आठ महिने हाताळल्यानंतर

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं किती धरायचं आणि किती सोडून द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. ठाण्यात नौपाड्याला एका एंडोस्कोपी सेंटरमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. आठवड्यातून दोन दिवस आमचे सर वाशीला बसतात, तेव्हा मीही ट्रान्स-हार्बर लोकल पकडून तिकडे. स्क्रीनवर दिसणारी गाठ कसली, हे सांगणं सरांचं काम. पण प्रोब म्हणजे सोनोग्राफीचं टोक जोडायचं, त्यावर पाण्याचा बलून चढवायचा, पाणी सोडायचं, सुई हातात द्यायची आणि शेवटी सगळं घासून धुवायचं, हे माझं. त्यामुळे यंत्रांचे नखरे मला सरांपेक्षा जरा जास्तच माहीत आहेत. सरांना हे मान्य आहे, फक्त कंपनीचा माणूस समोर असला की ते विसरतात.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ईयूएस, त्याचे तीन प्रकार मे महिन्यापासून एकाच ट्रॉलीवर आहेत. रेडियल आधीपासून होता, लिनियर नवा घेतला आणि मिनिप्रोब सगळ्यांत शेवटी आला. कंपन्यांची नावं घालत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे.

पेशंट हटकून विचारतात, "पोटावरून सोनोग्राफी झाली की, नॉर्मल आली. आता ही कशाला?" मी सांगते, काका, बाहेरून बघताना मधे चरबी येते आणि आतड्यातली हवा येते. हवेपुढे सोनोग्राफीचं काही चालत नाही. म्हणून प्रोबच तोंडातून आत न्यायचा आणि जठराच्या भिंतीला लावून बघायचं. साध्या एंडोस्कोपीत भिंतीवरचा उंचवटा दिसतो, पण तो भिंतीच्या आत कुठून उगवलाय ते दिसत नाही. शेजारची प्लीहा किंवा पित्ताशय बाहेरून दाबत असेल तरी आतून गाठच वाटते. असे दोन-तीन जण दर महिन्याला येतात. घाबरून येतात आणि पाच मिनिटांत हसत जातात.

भिंत ईयूएसवर पाच पापुद्र्यांची दिसते : पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. नव्या मुलीला शिकवताना मी चिरोटा आठवायला सांगते. तिसरा पांढरा म्हणजे सबम्युकोसा, अस्तराखालचा थर; चौथा काळा म्हणजे स्नायू. गाठ कितव्या पापुद्र्यात आहे यावर अर्धं उत्तर मिळतं. तिसऱ्यात पांढरी, एकसारखी आणि फोर्सेप्सने, म्हणजे चिमट्याने, दाबली की उशीसारखी दबणारी असेल तर लायपोमा, चरबीची गाठ. चौथ्यात काळसर असेल तर जीआयएसटी, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ, असू शकते किंवा लिओमायोमा, स्नायूची साधी गाठ. या दोघांतला फरक चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही, तिथे तपासायला तुकडाच लागतो. बाकीचं अर्धं उत्तर कोणत्या यंत्राने बघताय त्यावर आहे.

रेडियलबद्दल थोडक्यात. चित्र गोल, घड्याळाच्या तबकडीसारखं, मधोमध प्रोब आणि भोवती 360 अंश सगळं. शिकायला सगळ्यांत सोपा. अन्ननलिकेच्या कॅन्सरची खोली मोजायची असेल, आजूबाजूच्या लसीकाग्रंथी बघायच्या असतील, तर सर अजूनही हाच मागतात. पण त्याच्यातून सुई मारता येत नाही. मारलीच तरी सुई चित्राच्या आडवी जाते, एक ठिपका दिसतो आणि टोक कुठे गेलं ते कळत नाही. म्हणजे जे काही सापडेल त्यासाठी पेशंटला दुसरा स्कोप घालावा लागतो. आमच्याकडे लिनियर आल्यापासून रेडियल आठवड्यातून एखाद्या वेळेसच निघतो. वाईट वाटतं, कारण मी त्याच्यावरच शिकले.

लिनियर उलटा आहे. चित्र स्कोपच्या लांबीच्या रेषेत, पंख्यासारखं. एका वेळी भिंतीचा एकच भाग दिसतो, म्हणून सरांना सतत मनगट वळवत राहावं लागतं. पहिले दोन महिने ते दर केसला वैतागायचे. टोक जाड आणि कडक, कॅमेरा तिरका बघतो, समोरचं सरळ दिसत नाही. घशातून उतरवताना आणि ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, वळणावर हात हलका लागतो. पण सुई जाताना पूर्ण दिसते, टोकापासून मुळापर्यंत. आम्ही बहुतेक 22 गेजची, फाट्याच्या टोकाची बायोप्सी सुई वापरतो. आतली तार सावकाश ढकलली की फॉर्मेलिनच्या बाटलीत पांढरा धागा पडतो, शेवयांच्या तुकड्यासारखा. तो धागा अखंड दिसला की सर काही न बोलता ग्लोव्ह काढतात. नुसता रक्ताचा गोळा पडला तर पुन्हा एकदा सुई. मग लॅबवाले त्यावर सीडी 117 आणि डॉग 1 या चाचण्यांचे रंग लावून जीआयएसटी आहे की नाही ते सांगतात.

धुण्याच्या बाबतीत मात्र लिनियर सगळ्यांत त्रासदायक. सुई उचलायला टोकाशी एक छोटी झडप असते, तिच्या मागे घाण अडकते. झडप वर-खाली करत दोन्ही बाजूंनी बारीक ब्रश फिरवावा लागतो, त्यात घाई चालत नाही. बलूनसाठीची वाट वेगळी धुवायची. त्याआधी लीक टेस्ट, स्कोपला कुठे भोक पडलंय का ते बघायची. दिवसाला चार केसेस असल्या तर संध्याकाळी माझी बोटं ओपीएने, म्हणजे स्कोप बुडवायच्या जंतुनाशकाने, करडी झालेली असतात. ग्लोव्ह घालूनही कुठून तरी लागतंच. खरेदीच्या बैठकीत हे कोणी विचारत नाही.

आता मिनिप्रोब. अडीच मिलिमीटरची तार. साध्या एंडोस्कोपच्या चॅनलमधून आत जाते, म्हणजे पेशंटला स्कोप बदलावा लागत नाही. आमच्याकडे 12 आणि 20 मेगाहर्ट्झचे दोन आहेत. 20 चं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सरांना म्हटलं, "हे तर पाचाचे सात दिसतायत." खरंच तसं असतं. फ्रिक्वेन्सी वाढली की बारकावा वाढतो, पापुद्र्यांचेही पापुद्रे सुटतात. पण खोली जाते. दोन सेंटीमीटरच्या पलीकडे 20 ला काही दिसत नाही. म्हणजे लहान गाठीला राजा आणि मोठ्या गाठीला आंधळा. सप्टेंबरमध्ये गुदाशयात 8 मिलिमीटरचा पिवळसर कडक उंचवटा आला होता. लिनियरने बघायला गेलो तर बलूनच्या दाबाने तो चपटा व्हायचा आणि पापुद्रे एकमेकांत मिसळून जायचे. मिनिप्रोब पाण्यात धरून बघितला, तर गाठ तिसऱ्या पापुद्र्यात आणि खालचा स्नायू शाबूत. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ, निघाला आणि एंडोस्कोपीनेच काढता आला.

पाण्याबद्दल एक सूचना. गाठ पाण्यात बुडवून बघायची असते आणि त्या पाण्यात बुडबुडा नको. आमच्या वॉर्डबॉय मामांनी एकदा स्टराइल पाण्याची बाटली हातात झुलवत आणली आणि स्क्रीनवर नुसता हिमवर्षाव. तेव्हापासून बाटल्या आदल्या दिवशीच खोलीत ठेवून देतो आणि कोणी हलवत नाही. प्रोबच्या टोकातल्या तेलातही कधी बुडबुडा येतो. तेव्हा टोक खाली धरून, जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकायचो तसं झटकायचं. हे मला दुसऱ्या सेंटरच्या एका ताईंनी शिकवलं, डेमोत नाही.

तक्रार इथेच आहे. जुलैत विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं म्हणून आम्ही वाशीला उशिरा पोचलो, पेशंट उपाशी ताटकळत, सगळ्यांनाच घाई. जठराच्या वरच्या भागातली गाठ, म्हणजे स्कोप उलटा वळवलेला. त्या वळणातून प्रोब पुढे सरकेना. सर म्हणाले, थोडा ढकल. हात माझा होता, ढकलला. कर्र असा आवाज आला आणि त्यानंतर चित्राचा पाव भाग काळा. आत फिरणारी तार असते, तिला मोड आली. सर्व्हिसवाल्यांनी "हाताळणीतली चूक" लिहून देखभालीच्या करारातून हात काढून घेतले, आणि सात आठवडे प्रोब त्यांच्याकडेच. चूक माझी, ते मी नाकारत नाही. पण स्कोप सरळ असतानाच प्रोब टोकापर्यंत न्यायचा आणि मगच हळू वळवायचं, हे डेमोला आलेल्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये होतं, बारीक अक्षरात.

मिनिप्रोबची दुसरी उणीव मोठी आहे आणि ती दुरुस्तीने जाणारी नाही. त्याला डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, नाही. ऐरोलीचे एक काका आले, रबाळ्याच्या कारखान्यात नोकरी. हिमोग्लोबिन कमी म्हणून दुसरीकडे एंडोस्कोपी केलेली, रिपोर्टवर फंडसला, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला, दोन सेंटीमीटरची गाठ, पुढे "बायोप्सी करावी". स्कोप आत होताच, म्हणून सरांनी आधी मिनिप्रोब मागितला. गाठ तिसऱ्या पापुद्र्यात, आतून काळीकुट्ट. पाण्याची गाठ असावी असं मला वाटलं, आणि मी बायोप्सी फोर्सेप्सचं पाकीट फोडूनही ठेवलं. सरांनी मात्र हात वर केला. "काळं म्हणजे पाणी, तसंच काळं म्हणजे रक्तही." लिनियर घातला, रंग चालू केला आणि गाठ लाल-निळ्याने भरून गेली. फुगलेली शीर होती. तिथे फोर्सेप्स लावला असता तर पुढची दहा मिनिटं कशी गेली असती, ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पुढे सीटीत प्लीहेची शीर बंद झालेली दिसली, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या स्वादुपिंडाच्या सुजेने. काकांना ती सूज आठवतही नव्हती. काकू म्हणाल्या, "अहो, ते नाही का, दारू सोडली त्या वर्षी."

ते फोडलेलं पाकीट माझ्या खात्यावर वाया गेलं. चालेल.

तर कोणता घ्यावा? एकच परवडत असेल तर लिनियर, यात मला आता शंका नाही. सुई आहे, डॉपलर आहे, स्वादुपिंडही त्यातूनच बघता येतं. शिकायला वेळ लागेल, सर वैतागतील, वैतागू द्या. दुसरा म्हणून मिनिप्रोब, पण तुमच्याकडे लहान गाठी एंडोस्कोपीने काढणारं कोणी असेल तरच, नाहीतर तो कपाटात पडून राहील. आणि लिनियर हाताशी नसताना मिनिप्रोबवर काळी गाठ दिसली तर तुकडा घेऊ नका, पुढे पाठवा. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर येत असतील तर रेडियलचा विचार करा. नवा घेण्यापेक्षा कुणाचा चांगल्या अवस्थेतला मिळाला तर बघा. आणि कोणताही घ्या, डेमोच्या दिवशी जो धुणार आहे त्याला खोलीत बसवा. खुर्ची कमी पडली तर उभं राहू दे.

दुरुस्त झालेला प्रोब आता कपाटात हुकला सरळ लटकवलेला असतो, गुंडाळत नाही. वार्षिक करार पुढच्या महिन्यात संपतोय. मिनिप्रोबच्या तारेसाठी वेगळं कलम लेखी द्या, असं पत्र मीच टाइप करून सरांच्या सहीने पाठवलंय. अजून उत्तर नाही.