बॅटरी पार उतरली: जंपर की चार्जर?

रंकाळ्यावर गाडी लावली, दिवे चालू राहिले, आता किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. अशा वेळी जंपरच, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला वायरी जोडून आपली सुरू करायची. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीवर नको, तिथं हायड्रोजन साठलेला असू शकतो, ठिणगी पडली तर भडका. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू होते.

पण सुरू झाली म्हणजे भरली नव्हे. शाहूपुरी ते बिंदू चौक एवढ्या फेरीत काय भरणार? अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, काम भरलेली बॅटरी टिकवणं. पार उतरलेली भरायला लावली की तो तापतो.

इथं चार्जर उजवा, फक्त सवडीचा. ४५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला ४-५ अँपिअरनं १० तास तरी लागतात, म्हणजे ती रात्रभर उद्यमनगरात गॅरेजवाल्याकडे ठेवून या. काढल्यावर काही तासांनी मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. मेख एकच: व्होल्टेज फारच खाली गेलं असेल तर काही ऑटोमॅटिक चार्जर बॅटरी ओळखतच नाहीत.

मी म्हणेन, घाईत जंपर मारा, पण त्याच रात्री चार्जरला लावा. बरेच दिवस उतरलेली पडली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग दोन्हींचा उपयोग नाही.