विंचवाचं बिऱ्हाड की एकच मैदान? कॉलेज फुटबॉलच्या कोचचे दोन रस्ते

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन खेळ) कोच व्हायचं ज्याच्या मनात आहे, त्याच्यासमोर मी दोन नावं ठेवीन. तिकडे वाढलेल्या आपल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हेच सांगेन. एक निक सेबन, दुसरे जॉन गलार्डी. खेळ एकच, पेशा एकच, पण दोघांचं जगणं इतकं वेगळं की रस्ता निवडायच्या आधी दोन्ही नीट पाहून घ्यावेत.

सेबन यांना खरं तर कोच व्हायचंच नव्हतं. १९७३ मध्ये बायकोचं एक वर्षाचं शिक्षण बाकी होतं, म्हणून त्यांनी केंट स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा घेतली. ही जागा म्हणजे निव्वळ उमेदवारी. फी माफ, हातात थोडे पैसे, आणि पडेल ते काम. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे व्हिडिओ डाव-डाव तोडून लावायचे, सरावाचे तक्ते काढायचे, सगळे घरी गेल्यावर दिवे बंद करायचे. पुढे सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, मग व्यावसायिक संघ ह्यूस्टन ऑयलर्स. ओहायो स्टेटने तर १९८१ च्या हंगामानंतर त्यांना घरी बसवलं. मुख्य कोचची खुर्ची मिळाली ती अडतिसाव्या वर्षी, टोलीडोला, आणि तीही एका हंगामातच सोडली. त्यानंतर क्लीव्हलंडचा व्यावसायिक संघ, पुन्हा मिशिगन स्टेट, एलएसयू (लुइझियाना स्टेट), मायामीचा व्यावसायिक संघ, आणि २००७ पासून अलाबामा विद्यापीठ. राष्ट्रीय विजेतेपदं एकूण सात. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांचा वर्षाचा पगार एक कोटी डॉलरच्या वर होता.

गलार्डी यांची गोष्ट १९४३ ची. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावच्या शाळेचा कोच युद्धावर गेला आणि सोळा वर्षांच्या या खेळाडूनेच संघ हाती घेतला. मोंटानातल्या कॅरल कॉलेजात चार हंगाम काढून १९५३ मध्ये ते मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या लहान कॉलेजला आले आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिले. साठ हंगाम! एकूण ४८९ विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे सामने दुसऱ्या कुठल्याच कोचने जिंकलेले नाहीत. राष्ट्रीय विजेतेपदं चार.

पण आकड्यांवर जाऊ नका, सराव बघा. फरक तिथे कळतो.

गलार्डींच्या सरावात शिट्टी नव्हती आणि टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला धरून खाली पाडायला, बंदी होती. दीड तासाच्या वर सराव नाही. डास फार झाले तर तेवढाही नाही. वॉर्म-अपच्या मधेच मुलं गवतावर उताणी पडायची, आभाळाकडे बघायची आणि शेजारच्याला म्हणायची, ‘काय छान दिवस आहे!’ कुणी ‘कोच’ म्हणायचं नाही, ‘जॉन’ म्हणायचं. संघातून कुणाला काढायचं नाही, त्यामुळे दीडशेहून जास्त मुलं मैदानात असायची. हा आळशीपणा नव्हता. मुलं धडधाकट राहिली आणि डाव डोक्यात पक्का बसला की शनिवारचा सामना जिंकता येतो, हा त्यांचा हिशोब होता, आणि तो साठ वर्षं बरोबर आला.

सेबन यांचा सराव मिनिटामिनिटाला बांधलेला. १९९८ मध्ये मिशिगन स्टेटचा सामना अव्वल क्रमांकाच्या ओहायो स्टेटशी होता. तेव्हा त्यांनी मुलांना सांगितलं की स्कोअर विसरा, एक डाव साधारण सात सेकंदांचा असतो, तेवढाच खेळा, मग पुढचा. मिशिगन स्टेट २८-२४ ने जिंकलं. पुढे अलाबामात सगळा कारभार याच विचारावर उभा राहिला. मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे. शिकवणं दोघांनाही येत होतं.

आता पैशाचं. वरच्या गटात मुख्य कोचला काढलं तरी तो तरून जातो. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. मार बसतो तो सहायकांना. त्यांचे करार लहान, आणि नवा मुख्य कोच आपली माणसं घेऊन येतो. मुलांच्या शाळा बदलतात, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी सुटते. शिवाय २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींसारख्या करारांतून, पैसे कमावता येतात आणि संघ बदलणंही सोपं झालंय, त्यामुळे स्वतःच्या संघातली मुलं टिकवणं हेच दरवर्षीचं मोठं काम होऊन बसलंय.

डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे सेंट जॉन्ससारख्या लहान कॉलेजांच्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. म्हणजे मुलगा येतो तो फी भरून, आणि त्याला आणायचं कुणी? कोचनेच. लहान कॉलेजला शंभर फुटबॉलपटू म्हणजे शंभर विद्यार्थी, त्यामुळे हिवाळाभर गावोगाव फिरून आईवडिलांच्या स्वयंपाकघरात बसावं लागतं. पगार बेताचा, जोडीला दुसरं एखादं कामही गळ्यात. आणि गलार्डींसारखी साठ वर्षं आज कुणाला मिळतील असं मी सांगणार नाही.

तरी मला विचाराल तर सुरुवात लहान कॉलेजात करा. मोठ्या ठिकाणचा उमेदवार वर्षानुवर्षं स्क्रीनसमोर असतो. लहान ठिकाणी पहिल्याच हंगामात एखादी फळी तुमच्या हाती येते आणि शिकवता येतं की नाही हे लवकर कळतं. मात्र डावपेचांचंच वेड असेल, घरचं माणूस दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधायला मनापासून तयार असेल आणि तिशी अजून लांब असेल, तर मोठ्या विद्यापीठाचं दार ठोठवा. तिथे जे बघायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. ‘मनापासून’ हा शब्द मात्र घरी एकदा विचारून घ्या, गृहीत धरू नका.

अर्ज करण्याआधी दोन्हीकडचा मंगळवारचा सराव बघून या. शनिवारचा सामना नको, मंगळवारचा सरावच. शनिवारी ज्याला मैदानात उतरायलाही मिळणार नाही असा एक मुलगा हेरा आणि तासभर त्याच्यावर नजर ठेवा. त्याच्याशी कोण बोलतं, काय बोलतं, त्याची चूक कोण सुधारतं ते पाहा. ते काम तुम्हाला करावंसं वाटलं का, ते परत येताना गाडीत कळेल.