गर्भाशय की अंडवाहिनी? संप्रेरकामुळे होणारी प्रथिननिर्मिती अभ्यासताना

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) प्रजननसंस्थेतील ऊतींमध्ये प्रथिननिर्मिती कशी सुरू होते, हे प्रयोगातून पाहू इच्छिणाऱ्यापुढे अपक्व रॅट मादीचे गर्भाशय आणि कोंबडीच्या पिल्लाची अंडवाहिनी हे दोन रुळलेले पर्याय असतात. ग्राहीपासून (संप्रेरकाला पकडणाऱ्या पेशीतील प्रथिनापासून) संदेशवाहक आरएनएपर्यंतची (प्रथिन बनवण्याचा जनुकातील संदेश नेणाऱ्या रेणूपर्यंतची) साखळी दोन्हींत मुळात एकच असल्याने तिच्या तपशिलात शिरत नाही.

गर्भाशयाचा प्रतिसाद विलक्षण जलद असतो. नोटायडिस आणि गोर्स्की यांनी 1966 मध्ये नोंदवलेले गर्भाशयातील प्रथिन इस्ट्राडायॉल (एक इस्ट्रोजेन) दिल्यावर तासाभरातच तयार होऊ लागते, आणि ॲक्टिनोमायसिन-डी देऊन आरएनएनिर्मिती रोखली की त्याचा मागमूस राहत नाही. सस्तन प्राण्यांविषयीच काही सांगायचे असेल, तर गर्भाशयाला पर्याय नाही, हे मान्यच करायला हवे.

मला मात्र तिथे एका गोष्टीने फार छळले. ऊती पाणी शोषून फुगते, हे एक वेळ चालते, कारण कोरडे वजन घेता येते. पण त्याच काळात पेशी अमिनो आम्लेही अधिक वेगाने आत घेऊ लागतात. त्यामुळे किरणोत्सारी ल्यूसिन (एक अमिनो आम्ल) दिल्यावर प्रथिनांतील किरणोत्सार वाढला, तरी ती वाढ खरोखर निर्मितीची की नुसत्या आवकेची, हे ठरवण्यासाठी पेशींतील मुक्त ल्यूसिनची विशिष्ट सक्रियता, म्हणजे ठरावीक ल्यूसिनमागे किती किरणोत्सार आहे ते, दर खेपेला वेगळी मोजावी लागते. त्यात अस्तर, संयोजी ऊती आणि स्नायू यांची सरमिसळ. नेमके कोण प्रतिसाद देत आहे, तेही सहज कळत नाही.

अंडवाहिनीचे तसे नाही. इस्ट्रोजेनने पूर्ण उद्दीपित अंडवाहिनीत एकटे ओव्हाल्ब्युमिनच (अंड्याच्या पांढऱ्या भागातील मुख्य प्रथिन) एकूण प्रथिननिर्मितीच्या निम्म्याहून अधिक असते. ते प्रतिपिंडाने (फक्त त्याच प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूने) वेगळे करून एकूण नव्या प्रथिनांशी त्याचे गुणोत्तर काढले, की आवक वाढो वा घटो, अंश आणि छेद बरोबरच हलतात आणि तो जाच बऱ्याच अंशी मिटतो. पहिल्या उद्दीपनात ग्रंथीपेशी घडण्यातच काही दिवस जातात, हा तिचा दोष. म्हणून इस्ट्रोजेन थांबवून, निर्मिती ओसरू देऊन ते पुन्हा द्यावे. मग तयार पेशींतच काही तासांत ओव्हाल्ब्युमिनचा संदेशवाहक आरएनए वाढू लागतो, शिवाय इस्ट्रोजेन असेपर्यंत तो अधिक काळ टिकतो, हेही तपासता येते. पुढे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाकडे वळायचे झाल्यास इस्ट्रोजेन दिलेल्या याच अंडवाहिनीत त्याच्यामुळे तयार होणारे ॲव्हिडिन हे प्रथिन मिळते. त्यासाठी दुसरी ऊती शोधावी लागत नाही.