फोटो काढायचा की आवाज रेकॉर्ड करायचा?

डिसेंबर लागला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मागच्या जास्वंदीत कोणीतरी नवीन पाहुणा पक्षी येतोच, मग प्रश्न पडतो फोटो काढू की आवाज रेकॉर्ड करू. पक्षी ओळखून नाव सांगणाऱ्या मर्लिन अ‍ॅपमध्ये दोन्ही चालतं आणि ते फुकट आहे.

करडा धोबी असेल तर सरळ फोटो घ्या, पाण्याजवळ शेपटी खालीवर हलवत बिनधास्त फिरतो, पोटाचा पिवळा रंग मोबाइलवरसुद्धा येतो. पण वटवट्यांचं, म्हणजे वॉर्बलर पक्ष्यांचं, तसं नाही हो! ब्लिथ्स रीड वॉर्बलर म्हणजे साधा मातकट तपकिरी, झुडपातून बाहेरच येत नाही, मी आठवडाभर फोटो काढले आणि सगळ्यात नुसती पानंच आली, शेवटी सकाळी खिडकीत फोन धरला तर 'चक्... चक्', दगडावर दगड आपटल्यासारखं, आणि लगेच नाव आलं. ग्रीनिश वॉर्बलर वर शेंड्यात असतो, 'चिवी' करतो, त्याच्या पंखावर बारीक फिकट रेघ असते पण खालून ती दिसायला नशीब लागतं.

आवाजाला अडचण एकच, रिक्षा आणि कावळे, म्हणून आठच्या आत उरकायचं. माझं मत तरीही आवाजालाच, फक्त पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत नाव लिहू नका.